झाडाखालची मोकळी जमीन

बडोदे शहराच्या नावातच वड आहे. वटोदर, म्हणजे वडांचे उदर, या जुन्या नावावरून आजचे वडोदरा हे नाव आले असे सांगितले जाते, आणि मराठी घरांतून त्याचेच बडोदे झाले. शहर आता दूरवर पसरले आहे, तरी जुन्या बंगल्यांच्या आवारांतून, शाळांच्या व देवळांच्या प्रांगणांतून वड, लिंब, चिंच, आंबा आणि ज्याला इकडे आसोपालव म्हणतात तो उंच सरळ अशोक, ही झाडे अजून सावली धरून उभी आहेत. वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर चढला म्हणजे या सावलीची किंमत काय आहे, ते बडोदेकरांना निराळे सांगावे लागत नाही.

परंतु याच सावलीविषयी एक तक्रार घरोघरी ऐकू येते. झाडाखाली काही उगवत नाही! खळ्यासारखी टणक, उघडी, करडी जमीन; पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ. घरधनी हौसेने तेथे हरळी लावतो. पहिला पाऊस सरेपर्यंत ती हिरवी दिसते, दिवाळीला पिवळी पडते आणि संक्रांतीला नाहीशी होते. दुसऱ्या वर्षी गुलाबाच्या कुंड्या ठेवून पाहतो. गुलाब फांद्या लांबवतो, फूल देत नाही. तिसऱ्या वर्षी दोनच मार्ग उरले असे त्याला वाटते. एक तर झाडाच्या फांद्या उतरवाव्यात, नाही तर बुंध्यापर्यंत सिमेंटचे ठोकळे बसवून आवार स्वच्छ करून टाकावे.

हा दुसरा मार्ग अलीकडे फार लोकप्रिय झाला आहे, आणि तोच अधिक घातक आहे. मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते. अन्न व पाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळे जमिनीच्या वरच्या हात-दीड हात थरात पसरलेली असतात. तो थर ठोकून त्यावर ठोकळे बसवले म्हणजे झाड लगेच मरत नाही, आणि लगेच मरत नाही म्हणूनच दोष कोणाच्या ध्यानी येत नाही. चार-पाच वर्षांनी शेंडा वाळू लागतो आणि एखाद्या ज्येष्ठातल्या वावटळीत झाड आडवे होते. मग लोक वाऱ्याला बोल लावतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तो याच कारणास्तव. म्हणजे झाडाखालच्या जमिनीला काय नेसवावे, हा प्रश्न केवळ शोभेचा नाही. वरचे झाड जगते की जाते, हे पुष्कळ अंशी त्यावर ठरते.

आता अरण्याकडे पाहावे. अरण्यात झाडाखालची जमीन उघडी कधीच नसते. तेथे पानांचा थर असतो आणि त्या थरातून सरपटत जाणारी, पेरापेराला मुळे सोडणारी लहान वनस्पती असते. युरोपच्या बीच वृक्षांच्या वनांत वुडरफ नावाची अशीच एक वनस्पती आहे. चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मांडलेली पाने, चांदणीसारखी पांढरी बारीक फुले. ओली असताना तिला फारसा वास नाही, वाळल्यावर मात्र नव्या गवताचा गोड दरवळ सुटतो. इंग्लंडमध्ये संत बर्णबाच्या सणाला, म्हणजे ११ जूनला, देवळे या वनस्पतीच्या व गुलाबांच्या माळांनी सजवीत; लंडनमधील एका जुन्या चर्चच्या हिशेबवह्यांत अशा माळांच्या खर्चाची नोंद आढळते. जर्मनीत वसंत ऋतूत तिची पाने द्राक्षमद्यात घालण्याचा प्रघात आहे. विलायती बागांच्या पुस्तकांतून सावलीसाठी हिची शिफारस पानोपानी असते, आणि ती वाचून आपल्याकडेही कोणी कोणी बी मागवतात. तो पैसा वाया जातो. थंड, ओलसर वनात वाढलेली ही वनस्पती बडोद्याचा एक चैत्रही काढणार नाही.

महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८७९ मध्ये विश्वामित्रीच्या काठी सयाजीबाग उभारली; लोक तिला कमाटी बाग म्हणतात. पुढे १८९३ च्या सुमारास राज्याच्या बागांसाठी त्यांनी गुस्टाव्ह क्रुंबीगल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ आणला. हाच मनुष्य १९०८ मध्ये म्हैसूर राज्याच्या सेवेत गेला आणि बंगलोरच्या लालबागेला त्याने नवे रूप दिले. ड्रेस्डेनजवळच्या, वुडरफच्या मुलखात जन्मलेला हा गृहस्थ; पण त्याचे नाव राहिले ते येथल्या हवेत वाढणाऱ्या झाडांमुळे. परदेशी विद्या घ्यावी आणि वनस्पती जागेच्या मानाने निवडावी, हे धोरण आजही सोडण्याचे कारण नाही.

तेव्हा प्रथम आपली सावली ओळखली पाहिजे. सावली दोन जातींची असते. घराच्या उत्तरेकडील भिंतीची सावली ही ओली सावली. तेथे मुळांची स्पर्धा नसते आणि ओल टिकते. झाडाची सावली मात्र कोरडी. बहुतेकांची समजूत अशी की, लिंबाखाली रोप मरते ते उजेडावाचून. पुष्कळदा ते मरते तहानेने. पहिल्या हलक्या सरी पानांवरच अडतात, खाली पोचलेले पाणी झाडाची मुळे ओढून घेतात, आणि जे उरते ते झाडूने लोटून लोटून घट्ट झालेल्या जमिनीवरून वाहून जाते. खात्री करून घ्यायची असेल तर पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी झाडाखाली खुरप्याने चार बोटे उकरून पाहावे. वरची माती भिजलेली आणि खालची कोरडी ठणठणीत निघेल. उजेडाची परीक्षा याहून सोपी आहे. दुपारी बारा वाजता जमिनीवर उन्हाचे हलते कवडसे पडत असतील तर तेथे वनातली वनस्पती जगेल. कवडसाही पडत नसेल, पुस्तक वाचण्याइतकाही प्रकाश नसेल, तर तेथे पानांचा थर राहू द्यावा आणि लागवडीचा नाद सोडावा.

कवडशांच्या अशा सावलीसाठी आपल्याच देशातली जी वनस्पती सर्वांत योग्य वाटते, ती म्हणजे पिंपळी. तिला लेंडीपिंपळी असेही म्हणतात. सुंठ, मिरे आणि पिंपळी मिळून त्रिकटू होते. त्यातली पिंपळी वाण्याच्या पुडीतून सर्वांनी पाहिलेली असते, पण तिची वेल पाहिलेले थोडेच. पिंपळ वृक्षाशी तिचा संबंध नाही. ती मिऱ्याच्या आणि विड्याच्या पानाच्या कुळातली. मूळची ती आपल्याकडच्या ओलसर अरण्यांची रहिवासी. तिची वेल आधार मिळाला तर थोडी चढते, नाही तर जमिनीवरच सरपटत जाते आणि पेर मातीला टेकले की तेथे मूळ धरते. खालची पाने लांब देठाची, हृदयाच्या आकाराची, गर्द हिरवी. वरची पाने देठावाचून खोडालाच बिलगलेली. वसईच्या वाड्यांतील पानवेली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हिचे घराणे लांबूनही ओळखू येईल.

गुजरातशी तिचे नाते फार जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी प्रवासवर्णनात भडोच बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालाची यादी आहे, आणि त्या यादीत पिंपळी आहे. भडोच म्हणजे बडोद्यापासून आगगाडीने तास-सव्वा तासाचा रस्ता. त्याच शतकात रोमच्या प्लिनीने भाव लिहून ठेवले आहेत : काळे मिरे शेराला चार दिनार मानले तर पांढरे सात आणि पिंपळी पंधरा. (शेर म्हणजे अर्थात रोमन शेर.) आणखी गंमत अशी की, इंग्रजीतला ‘पेपर’ हा शब्द ग्रीक व लॅटिन यांच्या वाटेने आपल्या ‘पिप्पली’पासूनच गेलेला आहे; माल काळ्या मिऱ्याचा आणि नाव पिंपळीचे! पुढे काळ्या मिऱ्याने बाजार जिंकला, आणि पिंपळी वैद्यांच्या बटव्यात राहिली.

ती बटव्यात राहिली तरी शेतातून गेली नाही. विदर्भात सातपुड्याच्या पायथ्याशी, अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी आणि अकोला जिल्ह्यातील अकोट, तेल्हारा या भागांत बारी समाजाचे शेतकरी ‘पानपिंपरी’ या नावाने तिचे पीक घेत आले आहेत. हा समाज पिढ्यान्‌पिढ्या पानमळ्यांचा. शेवरी, हादगा, पांगारा यांची विरळ सावली कशी करावी, पाणी किती व केव्हा द्यावे, हे ज्ञान त्यांनी पानवेलीवर मिळवले आणि पिंपळीला लावले. अंजनगावचा उन्हाळा बडोद्याहून सौम्य नाही. तेव्हा इकडच्या हवेत ती तगेल का, या शंकेचे उत्तर विदर्भातल्या मळ्यांनी देऊन ठेवले आहे. मात्र पाण्याच्या अटीवर.

लागवडीचा मुहूर्त आर्द्रा नक्षत्राचा. मृगाचा पाऊस या बाजूला भरवशाचा नाही. जूनच्या मध्यानंतर एक-दोन चांगल्या सरी होऊन जमीन खोल भिजली म्हणजे कामाला लागावे. संपूर्ण जागा खणण्याची चूक करू नये. झाडाची मुळे तुटतात, आणि झाडाला इजा करून त्याच्या पायाशी हिरवळ मांडणे हा उफराटा व्यवहार आहे. मुळांच्या मधल्या बेचक्यांत खुरप्याने वीतभर रुंद, वीतभर खोल असे खळगे करावेत. अंगठ्याएवढे जाड मूळ लागले तर खळगा सरकवावा, मूळ तोडू नये. बुंध्यापासून दोन-अडीच हात जागा मोकळीच ठेवावी. बाहेरून माती आणून बुंध्याभोवती ढीग करणारे माळी पुष्कळ आहेत. त्या ढिगाखाली साल कुजते, म्हणून त्यांना वेळीच आवरावे. बडोद्याकडची गोराडू जमीन हलकी व निचऱ्याची असल्याने पिंपळीला मानवते. तीत निम्मे कुजलेल्या पानांचे खत मिसळावे. काळी, चिकट जमीन असेल तर थोडी वाळूही घालावी, कारण या वेलीला ओल हवी पण साचलेले पाणी मुळीच सोसत नाही.

रोप विकत आणताना ‘लींडीपीपर’ असे विचारावे. गुजरातीत तिला त्या नावाने ओळखतात. वेलीत नर आणि मादी निराळ्या असतात. नराचे कणीस सडपातळ व लांब. मादीचे आखूड व जाड, आणि वाण्याकडची पिंपळी ती हीच. नुसती जमीन झाकायची असेल तर कोणतीही चालेल, पिंपळ्या हव्या असतील तर मादी वेलीची फाटी मागावीत. केरळ कृषी विद्यापीठाने ‘विश्वम्’ नावाचे सुधारित वाणही काढले आहे. तीन-चार पेरांचे फाटे घ्यावे, दोन पेरे मातीत दाबावी, एक-दोन वर ठेवावी. शेतात दोन-दोन फुटांवर लावतात. आवारात जमीन लवकर झाकली जावी यासाठी फूटभर अंतर पुरे. लावून झाल्यावर मधल्या जागेत वाळकी पाने पसरावीत.

आणि मग धीर धरावा. पहिले दोन महिने काहीच घडत नाही असे दिसते. वेल खाली मुळांचे काम करीत असते. वर चार पाने असतात, त्यांतली दोन गोगलगायी खातात. भाद्रपदात धुमारे सुटतात आणि दिवाळीपर्यंत शेजारची रोपे एकमेकांना भेटतात. होळीच्या सुमारास लिंबाची पानगळ होते. त्या तीन-चार आठवड्यांत जमिनीवर एकाएकी लख्ख ऊन येते आणि वेलीची पाने करपतात. लिंबाला नवी पालवी फुटेपर्यंत वाळकी पाने वेलीवरच सैलशी पसरून ठेवावीत. आंब्याखाली ही अडचण येत नाही. एप्रिल-मे हे खरे कसोटीचे महिने. चौथ्या दिवशी संध्याकाळी सावकाश, खोल मुरेल असे पाणी द्यावे. रोज शिंपडलेले तांब्याभर पाणी वरच्या वरच उडून जाते. तांदूळ-डाळ धुतलेले, साबण नसलेले पाणी एका लहान तुकड्याला पुरते. एवढे करूनही काही वेली वाळल्या तरी उपटू नयेत; जमिनीतला गड्डा जिवंत असेल तर पहिल्या पावसाबरोबर तो फुटतो. या कोरड्या दिवसांत मुळांना पिठ्या ढेकूण लागण्याचा संभव असतो. वेल ओल असूनही मरगळली तर मूळ उकरून पाहावे.

येथे पानांविषयी थोडे अधिक बोलावे लागेल, कारण साऱ्या लागवडीचे मर्म तेथे आहे. सकाळी अंगण झाडणे ही आपल्याकडे संस्काराची गोष्ट आहे, आणि घरापुढचे अंगण झाडावेच. पण परसातल्या झाडाखालचे प्रत्येक पान गोळा करून कोपऱ्यात पेटवणे याला स्वच्छता का म्हणावे, हे कळत नाही. झाडाने वर्षभर जमिनीतून जे घेतले ते पानांच्या रूपाने परत दिलेले असते. आपण ते धुरात घालवतो, आणि आठ दिवसांनी बाजारातून खताची पिशवी आणतो. शिवाय तो धूर शेजारच्या म्हाताऱ्या माणसाच्या आणि तान्ह्या मुलाच्या छातीत जातो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली. तरीही थंडीच्या सकाळी गल्लीगल्लीतून ही धुनी दिसते. पिंपळीची वेल पसरली की ही पाने तिच्याखाली अदृश्य होतात. झाडायचे कामही उरत नाही आणि जाळायचेही. जमीन मऊ होते, गांडुळे वर येतात, आणि दोन वर्षांनी त्याच खुरप्याने उकरले तर चार बोटांखाली ओल सापडते.

जमिनीवर वेल पसरली की जनावर लपेल, ही भीती बडोद्यात हसण्यावारी नेण्यासारखी नाही. विश्वामित्रीच्या आजूबाजूच्या वस्त्यांत पावसाळ्यात साप निघतात. पुरात तर मगरीही रस्त्यावर आलेल्या लोकांनी पाहिल्या आहेत. म्हणून घराच्या भिंतीपासून आणि पायवाटेपासून तीन-चार फुटांचा पट्टा नेहमी झाडून मोकळा ठेवावा, वेल त्या पट्ट्यात आली की कापावी, आणि रात्री त्या बाजूला दिवा घेतल्यावाचून जाऊ नये. पिंपळी जमिनीलगत, फार तर वीत-दीड वीत उंच राहते. विटांचे ढीग, जुनी लाकडे आणि उंदरांची बिळे यांत जनावराला जो आसरा मिळतो तो तिच्यात मिळत नाही. पण लहान मुले खेळतात त्या कोपऱ्यात ती न लावणे हेच बरे.

पिंपळीऐवजी नर्सरीवाला बहुधा दुसरेच रोप पुढे करील. पिवळ्या डेझीसारख्या फुलांची वेडेलिया ही वेल आज रस्त्यांच्या दुभाजकांपासून बंगल्यांपर्यंत सर्वत्र दिसते. ती स्वस्त आहे, मरत नाही आणि महिन्याभरात जमीन झाकते. हे तिचे गुण आणि हाच तिचा अवगुण. उष्ण अमेरिकेतून आलेली ही वेल जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर परकीय आक्रमक जीवजातींच्या यादीत घातली गेली आहे. तुटलेला एकेक तुकडा रुजतो. पावसाच्या पाण्याबरोबर ती ओढ्यात जाते आणि काठावरचे देशी गवत दडपते. विश्वामित्रीला मिळणारे नाले ज्यांच्या आवारामागून जातात, त्यांनी तरी ती लावू नये. मनीप्लांट आणि सिंगोनियम कुंडीत शोभतात. जमिनीत सोडले की झाडावर चढून तळहाताएवढ्या पानांची परातीएवढी पाने करतात. पिंपळीला इकडचा उन्हाळाच लगाम घालतो, त्यामुळे ती हाताबाहेर जात नाही.

उन्हाळ्यात ज्यांच्याकडे पाण्याची ओढ असते, त्यांनी मात्र पिंपळीच्या वाटेला जाऊ नये, हे स्पष्ट सांगितलेले बरे. त्यांच्यासाठी भुईचाफा आहे. वैशाखाच्या उघड्या जमिनीतून पानावाचून नुसते जांभळट-पांढरे सुवासिक फूल वर येते, पावसाळाभर रुंद पाने जमीन झाकतात आणि थंडीत ती गड्ड्यात परत जातात. कोरड्या दिवसांत त्याला पाणी नकोच असते. पन्हाळीखालच्या, सतत ओलसर राहणाऱ्या जागेत मंडूकपर्णी लावावी. तिला पुष्कळ जण ब्राह्मी म्हणतात आणि खऱ्या ब्राह्मीशी तिची गल्लत होते. जमीन झाकण्याच्या कामी या गल्लतीने काही बिघडत नाही, औषधाच्या कामी मात्र बिघडते. पिंपळीचेही तसेच. घरची आहे म्हणून वैद्याला न विचारता चमचा-चमचा घेण्याची ती वस्तू नव्हे.

२०१९ च्या जुलैअखेरीस आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टमध्ये बडोद्यात पुराचे पाणी घराघरांतून शिरले. अशा सखल भागात, जेथे पाणी दिवसचे दिवस उभे राहते, तेथे पिंपळी कुजेल. तिला वीतभर उंच वाफा करून द्यावा, पण तो झाडाच्या बुंध्यापासून दूर. उंचावरच्या आवारांत मात्र झाकलेली जमीन पाणी मुरवते आणि माती धरून ठेवते. एका परसाने पूर अडत नाही. तेवढ्या परसातली माती गटारात जात नाही, इतकाच त्याचा हिशेब.

लागवडीनंतर सहाएक महिन्यांनी मादी वेलीवर पहिल्या पिंपळ्या धरतात. त्या काळपट हिरव्या झाल्या, पण पिकून मऊ पडल्या नाहीत, अशा वेळी खुडून चार-पाच दिवस उन्हात कडकडीत वाळवाव्यात आणि कोरड्या बरणीत ठेवाव्यात. तिसऱ्या वर्षानंतर वेल जून होते, मधून विरळ पडते. त्या वर्षीच्या उन्हाळ्याअखेर जुने गड्डे काढून जाड मुळांचे तुकडे वाळवावेत. बाजारात पिंपळमूळ म्हणून विकले जाते ते हेच. कडेच्या ताज्या वेली ठेवाव्यात, आर्द्रा लागताच त्यांचेच फाटे मोकळ्या जागी लावावेत, आणि उरतील ते ओल्या गोणपाटात गुंडाळून ज्या शेजाऱ्याच्या लिंबाखाली अजून धूळ उडत असेल त्याच्या घरी पोचवावेत. गोणपाटात ते दोन दिवस टिकतात.